म्हणी नसलेले पीक

ज्वारी आणि कापूस यांच्याभोवती ओव्या आहेत, म्हणी आहेत. सोयाबीनवरची एकही जुनी म्हण माझ्या ऐकण्यात नाही. विदर्भ-मराठवाड्याचा खरीप आज ज्या पिकावर उभा आहे, त्याच्या पाठीशी आज्या-पणज्यांचे शहाणपण नाही. या पिकाच्या इतिहासातली हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे सोयाबीनची चर्चा आधी ताटाच्या निमित्ताने झाली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आहारात त्याचे प्रयोग केले. शेतात ते रुजले फार नंतर. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने अमेरिकी वाणांच्या चाचण्या घेतल्या. माळव्यात काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बी घेण्याची रीत होती. त्या रिकाम्या खरिपात सोयाबीन शिरले. पुढे ते महाराष्ट्रात पसरले. १९९४ मध्ये आलेल्या जबलपूरच्या जेएस-३३५ या वाणाने तर शिवारेच्या शिवारे व्यापली.

एकच पीक, बहुतांशी एकच वाण आणि तोही मैलोन्‌मैल. किडीला याहून सोयीचे काय असणार? २००८ च्या पावसाळ्यात विदर्भात पाने खाणाऱ्या अळ्यांनी उभ्या पिकाची चाळण केली. त्यानंतर राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. आधी शेतात जाऊन अळ्या मोजायच्या आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारायचे, हे त्याचे सूत्र. पिवळ्या मोझॅकला मात्र फवारणीने उतार नाही. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडे वेळीच उपटणे आणि प्रतिकारक वाण निवडणे, एवढेच हाती राहते.

मग नवे शहाणपण कुठून यायचे? माझ्या मते ते घरच्या बियाण्यापासून सुरू होते. सोयाबीनचे टरफल नाजूक. पोत्यांची आदळआपट झाली की उगवण घटते. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवावेत. सत्तर उगवले तर बियाणे चांगले. पुरेशी ओल झाल्यावरच, तेही उथळ पेरावे.

अळ्या मोजणे आणि दाणे मोजणे, दोन्ही बिनखर्चाची कामे. ती घरोघरी सवयीची झाली, की या पिकालाही म्हणी सुचतील.