स्प्रे मारल्यावर झुरळ उलटं पडतं, पण ते मेलेलं असतं का?

रात्री पाणी प्यायला उठलात, किचनचा दिवा लावला आणि एक झुरळ सिंकखाली पळालं. तुम्ही फटीत स्प्रे मारता. थोड्या वेळात आणखी चार-पाच बाहेर येतात, सैरावैरा धावतात आणि पाय वर करून पडतात. आपल्यासाठी विषय संपला. प्रयोगशाळेतली खरी मोजणी मात्र अजून बाकी असते.

तिथे तीन प्रश्न वेगवेगळे तपासतात: झुरळ किती वेळात बाहेर आलं, किती वेळात पडलं आणि शेवटी मेलं का?

पहिल्यासाठी झुरळांना लपायला एक खोकं देतात. ती आत स्थिरावली की ठरलेल्या मापाचा फवारा मारतात आणि ठरावीक वेळाने किती बाहेर आली ते मोजतात. दुसऱ्या चाचणीत फवारा थेट अंगावर मारतात. उताणं पडलेलं झुरळ स्वतःहून सरळ होऊ शकलं नाही, तर ते ‘नॉकडाऊन’. निम्मी झुरळं पडायला लागणारा वेळ म्हणजे ‘केटी ५०’. पडलेली झुरळं मग स्वच्छ डब्यात अन्नपाण्यासह ठेवतात आणि साधारण २४ तासांनी पुन्हा मोजतात. औषध न मारलेला एक गटही सोबत असतो, नाहीतर झुरळं औषधानेच मेली हे कसं कळणार?

एवढा वेळ थांबायचं कारण औषधात आहे. घरगुती स्प्रेमध्ये बहुतेकदा पायरेथ्रॉइड असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रमची ही कृत्रिम भावंडं. ती मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होऊ देत नाहीत. थोडी मात्रा लागली की झुरळ बिथरून बाहेर पडतं, जास्त लागली की लुळं पडतं. पण त्याच्या शरीरातली एन्झाइम्स हे औषध मोडू शकतात. मात्रा अपुरी पडली, तर काही तासांनी तेच झुरळ उठून चालू लागतं. (सकाळी ‘मृतदेह’ गायब असेल तर तो मुंग्यांनीच नेला असेल असं नाही.) म्हणूनच काही कॅनमध्ये दोन औषधं असतात: इमिप्रोथ्रिन झटपट पाडायला, सायपरमेथ्रिन मारायला.

आणखी एक मेख आहे. अनेक चाचण्यांमधली झुरळं प्रयोगशाळेतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली असतात, औषध त्यांना नवं असतं. घरातल्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात दिसलं की किचनमधली छोटी, तपकिरी जर्मन झुरळं एका औषधाला सरावली की कधी कधी न वापरलेल्या दुसऱ्या औषधालाही दाद देत नाहीत.

बाहेर काढण्याचा गुणही दुधारी आहे. झुरळं नेमकी कुठे लपलीत ते कळतं, पण बिथरलेली झुरळं पाइपच्या फटीतून शेजारच्या फ्लॅटमध्येही जाऊ शकतात. आणि ओट्याखाली जेल लावलं असेल, तर त्याच्या आसपास स्प्रे मारू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत.