वरखर्च कोणाच्या माथी?

कारखान्यात एखाद्या नगाला किती पोलाद लागलं ते तोलता येतं, मजुरीही मोजता येते. पण यंत्र जुळवणाऱ्या सेटरचा पगार, ऑर्डरीचे कागद, मालाची ने-आण हा वरखर्च कोणत्या नगाच्या माथी मारायचा? विसाव्या शतकात बहुतेकांनी सोपी वाट धरली. मजुरीच्या प्रमाणात वाटून मोकळे! ॲलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्लिश अभियंत्यानं १९०१ मध्येच या रीतीवर बोट ठेवलं होतं, पण मजुरीचा वाटा मोठा होता तोवर ते खपून गेलं.

१९८०च्या दशकात अमेरिकेतली शेती संकटात आली आणि ट्रॅक्टरची मागणी कोसळली. आयोवा राज्यात वॉटर्लूला जॉन डीअर कंपनीचा सुटे भाग बनवणारा कारखाना होता. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे कंपनीचेच इतर विभाग. आता मात्र बाहेरच्या पुरवठादारांच्या बरोबरीनं त्यालाही भाव भरावे लागले. निकाल चमत्कारिक लागला. मोठ्या लॉटची कामं, ज्यांत तिथली स्वयंचलित यंत्रं खरी तरबेज, ती हातची जात होती. कटकटीची किरकोळ कामं तेवढी पदरात पडत होती. मोठी कामं अशीच जात राहिली, तर यंत्रं आणि माणसं दोन्ही रिकामी बसणार, हे उघड होतं.

असं का व्हावं? समजा, एक लॉट दहा हजार नगांचा आणि दुसरा शंभराचा. यंत्राचं सेटिंग दोन्हींना एकदाच, खर्च हजार-हजार रुपये. नगामागे मजुरी सारखी धरली, तर जुन्या वाटणीत शंभराच्या लॉटवर दोन हजारांपैकी जेमतेम वीस रुपये पडतात! उरलेले सगळे थोरल्याच्या डोक्यावर. घरातल्या कर्त्यानं सगळ्यांचं निस्तरावं, तसंच हे.

मग तिथल्या हिशेबनिसांनी वरखर्चाची सात कामांत फोड केली. सेटिंगचा खर्च सेटिंगच्या तासांवर, कागदोपत्रांचा ऑर्डरींच्या संख्येवर, ने-आणीचा खेपांवर. लहान लॉटचे नग एकदम महाग दिसू लागले, मोठ्या लॉटचे स्वस्त. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८७ मध्ये ही हकिगत लिहिली. त्यांनी आणि रॉबिन कूपर यांनी ही रीत जगभर नेली. तिचं नाव ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग.

पण प्रत्येकाला ‘तुमचा वेळ कुठे जातो?’ असं विचारत बसणं किती जिकिरीचं! अनेक कंपन्यांनी कंटाळून ती सोडली. अखेर २००४ मध्ये स्टीव्हन अँडरसन यांच्यासह कॅप्लन यांनीच सुटसुटीत वाट सुचवली. एका कामाला किती मिनिटं लागतात आणि मिनिटाला किती खर्च येतो, एवढंच मांडायचं.