ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर तापतोय? रेडिएटर आणि गिअर बॉक्स असे ठेवा थंड

कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात फडापासून काट्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. याच दिवसांत 'गाडी तापली', 'क्लच प्लेट जळाली', 'हेड गॅस्केट गेलं' अशा तक्रारी वाढतात. खेप बुडते, गॅरेजचा खर्च वेगळा. शिवाय रात्री भर रस्त्यात बंद पडलेल्या भरल्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळण्याचा धोका असतोच. यातलं बरंच काही चालकाच्या हातात आहे.

गाडी तापते कशामुळे?

ओझं वाढलं की इंजिन जास्त डिझेल जाळतं आणि उष्णताही जास्त तयार होते. ती बाहेर टाकायचं काम पाणी, वॉटर पंप आणि फॅन करतात. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये फॅन आणि पंप इंजिनच्याच वेगावर फिरतात. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून चालवलं की फेरे कमी होतात, म्हणजे फॅनही हळू फिरतो. उष्णता जास्त आणि वारा कमी, मग काटा लाल पट्ट्यात जाणारच. म्हणून चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली घ्या. 'खालच्या गिअरला डिझेल जास्त जातं' म्हणून इंजिन दाबून चालवू नका, ते महागात पडतं.

आधी जाळी बघा

ऊस वाहतुकीत पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर चिकटते. वारा आतच गेला नाही तर पाणी कितीही भरा, उपयोग नाही.

- प्रत्येक खेपेला काट्यावर नंबर येईपर्यंत इंजिन बंद करून जाळी काढून झटका.
- रेडिएटरला हवा मारताना इंजिनकडून पुढच्या बाजूला मारा. पुढून मारली तर कचरा आणखी आत बसतो.
- पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारू नका, बारीक पत्रे वाकतात.
- फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त सैल असेल तर घसरतो.

बोअरचं पाणी नको

बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि हळूहळू वाट बंद होते. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट त्यात दिलेल्या प्रमाणातच वापरा. कूलंटमुळे गंज कमी होतो आणि पाणी उकळायलाही वेळ लागतो. काही जण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. तसं करू नका. इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीजही वाढते.

क्लच आणि गिअर बॉक्स

बहुतेक ट्रॅक्टरचा क्लच कोरडा असतो, त्याला तेलाचा थंडावा मिळत नाही. ओल्या फडातून भरल्या ट्रॉल्या काढताना हाफ क्लचवर गाडी उचलत राहिलं की प्लेट तिथेच जळते. सरळ मार्ग असा, की फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढा आणि रस्त्यावर आल्यावर जोडा. सर्वांत खालच्या गिअरमध्ये गाडी उचला. चालताना क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसू नका.

गिअर बॉक्सची उष्णता तेलातून बाहेरच्या कवचाला आणि तिथून हवेत जाते. कवचावर चिखलाचा थर असेल तर ती आतच कोंडते, म्हणून चिखल खरवडून काढा. तेलाची पातळी ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून पट्टीने तपासा. कमी तेल वाईट, तसंच जास्तही वाईट, कारण फेस होऊन तेल तापतं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, बदलावंच लागेल. जळका वास आला तर मेकॅनिकला दाखवा.

उतारावर न्यूट्रल नाहीच

बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळं ओझं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतं आणि ते तापले की पकड जाते. ज्या गिअरने चढ चढला असता, त्याच गिअरने उतरा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली हवी.

काटा लाल पट्ट्यात गेला तर

१. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चाकांना दगड लावा. रात्र असेल तर इंडिकेटर चालू ठेवा आणि मागे रिफ्लेक्टर दिसेल असं बघा.
२. पाणी गळत नसेल आणि वाफ येत नसेल तर ओझं नसताना काही मिनिटं इंजिन आयडलवर चालू द्या. पाणी फिरत राहिल्याने उष्णता निघते. वाफ किंवा गळती दिसली तर इंजिन लगेच बंद करा.
३. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर तापलेलं असतं. झाकण सुटताच ते उसळून तोंडावर येतं.
४. तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पूर्ण निवल्यावरच भरा.

पुन्हा पुन्हा गाडी तापत असेल तर नुसतं पाणी भरून खेपा मारत राहू नका. ओझं कमी करा आणि जाळी, बेल्ट, पंप, थर्मोस्टॅट या क्रमाने तपासून घ्या. एक खेप उशिरा झाली तरी चालेल. इंजिन उघडायची वेळ आली तर भर हंगामात ट्रॅक्टर गॅरेजात उभा राहतो.