नोंदवहीतील मंडळे आणि जागती मंडळे

चिटणीस म्हणून मंडळाची हिशेबवही प्रथम हाती आली, तेव्हा हा कारभार मला निव्वळ कटकट वाटे. त्यामागचा इतिहास वाचला आणि मत बदलले.

आपल्या भगिनींनी संस्था काढल्या त्या गरजेपोटी. पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. संस्था-नोंदणीचा कायदा 1860 चा. पुढे मुंबई राज्यात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा झाला, धर्मादाय आयुक्त आले, आणि देवळापासून वाचनालयापर्यंत सर्वांवर हिशेब ठेवण्याची जबाबदारी आली.

या पसाऱ्याची देशभर मोजदाद झाली. 2008 पर्यंत नोंदलेल्या संस्था सुमारे 31 लाख भरल्या. महाराष्ट्र त्यांत आघाडीवर. परंतु सुमारे 22 लाख पत्ते धुंडाळले, तेव्हा सापडल्या जेमतेम 7 लाख! बाकीच्या दप्तरात होत्या, पण पत्त्यावर नव्हत्या.

आपलेही तसेच व्हायचे होते. अध्यक्षाबाई निवर्तल्या आणि विश्वस्तबदलाची नोंद करायची आम्ही विसरलो. बँकेत सही चालेना. शिवणवर्ग सहा महिने बंद राहिला. चूक आमचीच. त्या वर्गावर चार घरांची चूल अवलंबून होती, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून तरुण सुना-लेकींना एवढेच सांगणे : हळदीकुंकू करा, सहली काढा, पण वर्षातून एकदा ती वहीही उघडा.