अतिदक्षता विभागानंतरचे वार्धक्य : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वृद्ध रुग्ण अतिदक्षता विभागातून जिवंत बाहेर आला की उपचार यशस्वी झाले असे मानले जाते. परंतु घरी परतल्यावर तो आधाराविना उठतो काय, शेताच्या बांधापर्यंत चालतो काय, व्यवहाराचे त्याला स्मरण राहते काय, हे प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात उशिरा आले. शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग 1858 मध्ये दौंडवरून पुढे गेला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले ससून रुग्णालय पुण्यात 1867 मध्ये सुरू झाले. एकेकाळी कंपनी सरकारची छावणी असलेले घोडनदीकाठचे शिरूर मात्र पुणे-नगर रस्त्यावरच विसंबून राहिले. मार्ग वेगळे असले तरी मोठ्या उपचारांसाठी दोन्ही तालुक्यांची दिशा पुण्याकडेच राहिली.

अतिदक्षता विभागाचा उगम 1952 मधील कोपनहेगनच्या पोलिओ साथीत आहे. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, हाताने पिशवी दाबून त्यांचा श्वास चालू ठेवला. पोलिओ हा प्रामुख्याने लहान वयाचा आजार होता. पुढे हीच पद्धती वृद्धांच्या उपचारांतही रूढ झाली. तथापि स्नायूंची दुर्बलता, स्मरणशक्तीचा ऱ्हास, नैराश्य आणि कुटुंबावर येणारा ताण या उत्तरपरिणामांना एकत्रित संज्ञा 2012 च्या सुमारास मिळाली.

शासकीय धोरण :
ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्याने शासकीय रुग्णालयात खाटेचा विचार केला. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये काही जिल्ह्यांत व 2013 मध्ये राज्यभर लागू झाली. 2014 मध्ये ‘108’ रुग्णवाहिका आली. 2020 च्या कोरोना साथीने प्राणवायू व कृत्रिम श्वसनयंत्रांचे महत्त्व घरोघरी पोहोचविले. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजना 70 वर्षांवरील सर्वांना खुली झाली. मात्र या योजनेत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या खर्चाची मर्यादा 15 दिवसांची आहे. वृद्धाचे शरीर सावरण्यास अनेकदा कित्येक महिने लागतात.

हे अंतर घरातील माणसे भरून काढतात. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत मुलगा पाळीवर गेला की रुग्णाला उठविणे, भरविणे, चालविणे हे काम सुनेवर किंवा वृद्ध पत्नीवर येते. या श्रमाची नोंद कोणत्याही देयकात होत नाही.

निष्कर्ष :
रुग्णाला पुण्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था दीड शतकात क्रमाने घडली; त्याच्या परतीची व्यवस्था तशी घडली नाही. 2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात ग्रामीण स्तरावर भौतिकोपचार व गृहभेटींची तरतूद आहे. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर रुग्णाची चालण्याची क्षमता व स्मरणाची अवस्था नोंदवून ती माहिती त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविणे आवश्यक ठरते. तसे झाल्यास वाचलेले आयुष्य जगण्याजोगेही होईल.