जबलपूरमध्ये समाजशास्त्र शिकताना

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, तुम्ही इतिहासावर बोलता, मग पदवी समाजशास्त्राची कशी? आज त्याचंच उत्तर देतो.

आमचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला म्हणून जबलपूरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. बृहन्महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. 1984 मध्ये मी बी.ए.ला प्रवेश घेतला. 1956 साली स्थापन झालेल्या जबलपूर विद्यापीठाला नुकतंच, 1983 मध्ये, राणी दुर्गावतीचं नाव मिळालं होतं. समाजशास्त्र मी आवडीने घेतलं असं म्हणणं खोटं ठरेल. इंग्रजी साहित्य झेपणार नव्हतं, एवढंच.

पुस्तकांतून कळलं की या विषयाचं एक मोठं घराणं मुंबईचं. 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी तिथे विभाग सुरू केला, पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो घडवला. आम्ही हिंदी माध्यमवाले श्यामाचरण दुबे यांचं 'मानव और संस्कृति' वाचायचो. दुबे आमच्या शेजारच्या नरसिंहपूरचे, याचा आम्हाला उगाच अभिमान. पण जबलपूरचं स्वतःचं घराणं याहून जुनं आहे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

1781 मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतलं. 1798 मध्ये नर्मदाखोरं नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेलं. मग इथे आला विल्यम स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून शाळेत आपण त्याचं नाव शिकतो. कटनीकडे जाताना लागणारं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. त्याची कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. पकडलेल्यांतले काही माफीचे साक्षीदार करायचे, त्यांच्याकडून टोळीतल्यांची नावं, नाती, गावं वदवून घ्यायची आणि त्यावरून वंशावळी मांडायच्या. 1836 मध्ये त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशच छापला. त्याच वर्षीच्या कायद्याने, विशिष्ट गुन्हा सिद्ध झाला नाही तरी ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप! साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांना जबलपुरातच उद्योगशाळेत तंबू शिवायला, गालिचे विणायला बसवलं. प्रवाशांचे खून होत होते, यात शंका नाही. पण ठग ही पिढीजात जमात होती की पोटासाठी जमलेल्या टोळ्या, यावर इतिहासकार आजही भांडतात. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते.

दुसऱ्या वर्षी वर्गात नातेसंबंधांचे तक्ते आले. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. पुढे स्लीमनच्या वंशावळी पाहिल्या तेव्हा जाणवलं, अरे, हा तर आपलाच गृहपाठ!

त्याच वर्षी आम्हाला सांगितलं गेलं की आपापल्या जातीवर बारा पानं लिहून आणा. मी ग्रंथालयात रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड काढले. प्रकाशन 1916 चं. रायबहादूर हिरालाल मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे, तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातले. मुखपृष्ठावर ते 'साहाय्यक'. जाती इंग्रजी अक्षरानुक्रमाने लावलेल्या. चौथ्या खंडात आपले खंडोबाचे वाघ्ये आहेत, आणि तेली व तुरी यांच्या मधोमध चक्क ठग! स्लीमनच्या कचेरीत तयार झालेला गुन्हेगारांचा गट ऐंशी वर्षांत जातींच्या यादीत जाऊन बसला होता.

माझ्यासोबत वर्गातला एक मित्र होता. नाव सांगत नाही. तो पारधी. त्याने आपलं प्रकरण उघडलं. पक्षी पकडायच्या रीती, चित्ता घेऊन शिकार, मगर कशी धरतात, सगळं तपशिलाने दिलेलं. तो खुशीत वाचत होता. पोटजातींत टाकणकार सापडले, जात्याला टाकी लावणारे. "दादी मिल गई!" म्हणून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की ग्रंथपालांनी वर पाहिलं. मग शेवटचं उपशीर्षक आलं. 'इतर धंदे आणि गुन्हेगारीच्या चाली', दोन्ही एकाच ओळीत बांधलेले. त्याने पुस्तक मिटलं.

तोवर आम्हाला 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा परीक्षेपुरता माहीत होता. पाच गुणांची टीप. जमातीची नोंद, पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना ठाऊक असेल. कायदा 1952 मध्ये गेला, लोक 'विमुक्त' झाले, टीप संपली. त्या टेबलावर मात्र ती संपेना.

मी म्हटलं, आपण दोघं मिळून तुझ्या दादीवर लिहू. आता वाटतं, त्यात माझी हुशारी मिरवायची हौसही होती. माझ्या जातीची बारा पानं मी खंडावरून उतरवून मोकळा झालो होतो, आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारलंही नाही.

रविवारी आम्ही वस्तीत गेलो. दादी उन्हात बसली होती. गिरण्या आल्यापासून काम गेलं होतं, पण टाकी आणि हातोडी तिने कापडात गुंडाळून ठेवली होती. काढून दाखवली. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडतं, मग पाळूवर मधून कडेकडे कसे घाव घालायचे, कुठे हलका, कुठे जोराचा, हे ती हवेत हात चालवून सांगत होती. मी भराभर लिहीत होतो. मग वहीत मी तिच्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिरांचं नाव विचारायला सुरुवात केली. त्रिकोण, वर्तुळ, रेघ.

तिसऱ्या नावाला ती थांबली. माझ्या वहीकडे पाहिलं, मग नातवाकडे.

"ये सब लिखके कहाँ देगा?" तिने विचारलं. "थाने में?"

मित्राने माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढची पानं त्यानेच लिहिली. तक्ता तीन नावांवरच राहिला.