चढावर गाडीची ओढ कमी होणे

चढावर गाडीची ओढ कमी होणे : सपाट रस्त्यावर सुरळीत धावणारी मोटारगाडी घाटात पिकअप सोडते आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग धरत नाही, असे लक्षण. चालक ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘दम टाकते’ असे म्हणतात. दोष बहुधा महिनोन्‌महिने मुरलेला असतो, पण सपाटीवर इंजिनाची खरी कसोटी लागत नसल्याने तो लपून राहतो. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किमी वेगाने सपाट रस्त्यावर चालवायला पाच-सहा अश्वशक्ती पुरते. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्याच वेगासाठी आणखी सुमारे २२ अश्वशक्ती लागते. म्हणूनच गॅरेजच्या दारात गाडी उभी ठेवून रेस देऊन पाहिल्यास फारसे काही कळत नाही. ही तपासणी भाराखालीच, म्हणजे चढावरच व्हायला हवी.

पहिला प्रश्न आरपीएमचा. वेग पडत असताना आरपीएम मात्र चढत असेल, तर इंजिन ठीक आहे आणि ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही; क्लच प्लेट घसरते आहे. जळका वास ही याची खूण. खात्री करण्यासाठी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. चालूच राहिले तर प्लेट बदलावी लागेल. ही चाचणी एकदाच करावी, कारण तिने प्लेट आणखी झिजते. ब्रेक चिकटल्यानेही ओढ कमी होते; तसे असल्यास एखाद्या चाकाची डिस्क किंवा ड्रम इतरांहून बराच गरम लागतो आणि न्यूट्रलमध्ये गाडी सहज घरंगळत नाही.

वेगाबरोबर आरपीएमही पडत असेल आणि ब्रेक चिकटत नसतील, तर इंजिनातच इंधन, हवा, ठिणगी किंवा धूर बाहेर जाण्याची वाट यांपैकी काहीतरी अडले आहे. पेट्रोल गाडीत सर्वाधिक शंका इंधनाची घ्यावी. फिल्टरमध्ये कचरा साचला किंवा टाकीतला पंप थकला, तरी आयडलिंगला लागते तेवढे पेट्रोल मिळतच राहते. मागणी वाढली की दाब कोसळतो. नेहमीच्या इंजेक्शन पद्धतीत हा दाब साधारण ३ ते ४ बार असतो. जाणकार मेकॅनिक इंधनाच्या नळीला गेज जोडतो, सर्व क्लिप घट्ट करून गळती नाही ना ते पाहतो, गेज बाहेरून काचेवर वायपरखाली अडकवतो आणि गाडी चढावर काढतो. शेजारी बसलेला माणूस काट्यावर नजर ठेवतो. पिकअप सुटते त्याच क्षणी काटा खाली आला, तर निदान पक्के. टाकीला हवा मिळण्याची वाट चोंदली तरी हेच घडते. झाकण सैल करताच ओढ परत आली, की ते उमगते. कार्बोरेटरच्या काळात, प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत, उन्हाळ्यातल्या घाटात पंपातच पेट्रोलची वाफ होई. चालक पंपावर ओले फडके टाकून गाडी निवेपर्यंत थांबत.

भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग किंवा तडा गेलेली कॉइल अशा वेळी मिस मारते व गाडी हिसके देते. याकडे दुर्लक्ष केल्यास पुढचा खर्च मोठा असतो. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळते आणि धुराची वाट बुजते. हे तपासण्यासाठी कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबाचा गेज लावावा. २,५०० आरपीएमला दाब साधारण ०.२ बारच्या वर गेला, तर कन्व्हर्टर चोक झाला असे समजावे. मिसिंग दुरुस्त न करता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे जाळणे, कारण तोही वितळणारच. अंदाजाने प्लग, मग फिल्टर, मग पंप असे सुटे भाग बदलत जाण्याची पद्धत या दोषात सर्वांत महाग पडते.

टर्बो डिझेलमध्ये आधी इंटरकूलरचे रबरी होज पाहावेत. होज फाटल्यास शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर येतो, सांध्यापाशी तेलाचे ओघळ दिसतात. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप काजळीने उघडी अडकणे हेही नेहमीचे कारण. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागून गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नसेल, तर संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी ताकद रोखलेली असते. स्कॅनर लावून कोड वाचावा, नुसता पुसून टाकू नये. हे सारे ठीक निघाल्यावरच कॉम्प्रेशन आणि टायमिंग बेल्ट तपासावा.

काही घट मात्र नैसर्गिक आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेले इंजिन दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावते. सुमारे १,३७० मीटरवरच्या महाबळेश्वरला हा फरक जेमतेम जाणवतो. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. सीएनजीवर पेट्रोलच्या तुलनेत साधारण दहा टक्के ताकद कमी मिळते, म्हणून भरलेली गाडी घाटात पेट्रोलवर घेतात. एसी बंद करणे आणि गाडी धापा टाकण्याआधीच खालचा गिअर टाकणे यांचाही उपयोग होतो. हाफ क्लचवर गाडी ओढत नेऊ नये. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी, असा भारतातील वाहतूक नियम आहे. चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा उचलताना क्लचवर सर्वाधिक ताण पडतो.